चरबीचं गाव

स्वालबार्डच्या वायव्य टोकाला आम्स्टर्डामोया नावाचं लहानसं बेट आहे. त्याच्या एका कोपऱ्यातून वाळूची सपाट जीभ समुद्रात शिरलेली आहे आणि नकाशावर तिच्याशेजारी नाव लिहिलेलं असतं: स्मेरेनबुर्ग. डच भाषेत 'स्मेर' म्हणजे चरबी आणि 'बुर्ग' म्हणजे कोट किंवा गाव. आपल्याकडे असतं तर लोकांनी त्याला चरबीपूर म्हटलं असतं. मुंबईहून दिल्ली जेवढी लांब, साधारण तेवढाच इथून उत्तर ध्रुव.

मी तिथे पोचले ती पर्यटकांच्या जहाजातून. उन्हाळ्यात लाँगिअरब्येनहून अशी जहाजं निघतात, खाडीखाडीतून फिरतात, बर्फ आडवं आलं की वळतात. जहाजावर मिळालेल्या माहितीपत्रात 'अस्पर्श' हा शब्द वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा येत होता. अस्पर्श किनारे, मानवाचा हात न लागलेली सृष्टी, वगैरे. पण आदल्या रात्री जहाजावरच्या निसर्गतज्ज्ञाने देवमाशांवर व्याख्यान दिलं, त्यात तो सहज म्हणून गेला, की उद्या आपण जिथे उतरणार आहोत ती युरोपातल्या पहिल्या मोठ्या तेल उद्योगाची जागा आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, या प्रश्नाने माझी झोप उडवली. तशीही तिथे उन्हाळ्यात रात्र होत नाही.

रबरी होडीतून उतरल्यावर प्रथम काहीच दिसत नाही. राखाडी वाळू, सैबेरियाच्या नद्यांतून वाहत आलेले ओंडके, एका टोकाला एकमेकांवर रेलून पडलेले वॉलरस, आणि अस्वल आलंच तर म्हणून खांद्यावर बंदूक घेतलेला वाटाड्या. मग तो हाताने दाखवतो आणि डोळ्यांना हळूहळू उमगतं. जमिनीत अर्धवट बुडालेली काळपट कडी आहेत. दगडासारखी टणक, पण दगड नव्हे. चारशे वर्षांपूर्वी उकळत्या काहिलींमधून सांडलेलं तेल वाळूत आणि खड्यांत मुरलं, थंडीने थिजलं आणि सिमेंटसारखं घट्ट झालं. भट्टीच्या विटा गेल्या, काहिली गेल्या, माणसं गेली. सांडलवंड तेवढी राहिली.

या वाळूपर्यंत युरोपीय लोक आले ते आपल्याकडे यायची वाट शोधत. दक्षिण आफ्रिकेला वळसा घालून येणारा रस्ता पोर्तुगीजांच्या हातात होता. मिरी, मसाले, कापड यांच्या देशांना उत्तरेकडून जवळची वाट असेल, अशी डचांना आशा होती. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच माणूस 1583 पासून पाच-सहा वर्षं गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस म्हणून राहिला होता. परत गेल्यावर त्याने पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या व्यापाराची सगळी माहिती पुस्तकात छापली. हाच लिन्सखोटेन 1594 आणि 1595 साली विलेम बॅरेंट्सच्या बरोबरीने उत्तरेकडची वाट शोधायला गेला होता. वाट मिळाली नाही. 1596 च्या तिसऱ्या सफरीत लिन्सखोटेन नव्हता, पण बॅरेंट्सला टोकदार डोंगरांचा एक अनोळखी मुलूख दिसला. त्याला नाव पडलं स्पिट्सबर्गेन, अणकुचीदार डोंगर. परतीच्या वाटेवर बॅरेंट्स वारला. 1607 साली हेन्री हडसन इंग्लंडच्या मस्कोव्ही कंपनीच्या वतीने तीच वाट शोधत या बाजूला आला. त्यालाही वाट सापडली नाही. मात्र इथल्या खाड्या देवमाशांनी भरलेल्या आहेत, ही बातमी तो घेऊन गेला.

पुढे जे झालं ते आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून ओळखीचं वाटेल. 1611 मध्ये मस्कोव्ही कंपनीने पहिली शिकारी जहाजं पाठवली. इंग्रजांना हे काम येत नव्हतं, म्हणून त्यांनी बास्क शिकारी पगारावर घेतले. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या किनाऱ्यावरचे हे लोक कित्येक शतकं देवमासे मारत आले होते. पुढच्याच वर्षी डच आले. 1614 मध्ये डचांनी 'नोर्डस्खे कॉम्पनी' काढली आणि सरकारकडून मक्ता मिळवला. कोणती खाडी कोणाची यावरून तोफा डागल्या गेल्या. सर थॉमस स्मिथ हे त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीचे गव्हर्नर होते आणि मस्कोव्ही कंपनीचेही. सुरतेला वखारीची परवानगी मिळवणारी माणसं आणि या बर्फात जहाजं पाठवणारी माणसं लंडनच्या त्याच पेढ्यांवर बसत होती. 1618 साली तर दोन्ही कंपन्यांनी मिळून देवमाशांच्या शिकारीत भांडवल घातलं. सुरतेचं कापड आणि स्पिट्सबर्गेनची चरबी त्यांच्या लेखी एकाच वहीतली दोन पानं होती.

ज्याच्यासाठी हे सारं चाललं होतं तो प्राणी म्हणजे बोहेड देवमासा. धनुष्यासारखा वळलेला जबडा, म्हणून इंग्रजीत हे नाव. लांबी चौदा ते अठरा मीटर, वजन शंभर टनांपर्यंत, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा नुसतं डोकं. पाठीवर पर नाही, कारण बर्फाच्या छताखाली पोहायचं तर तो अडकेल. श्वास घ्यायला जागा नसली तर हा डोक्याने बर्फ फोडतो. कातडीखाली चरबीचा थर जवळजवळ अर्धा मीटर जाड असू शकतो. तोंडात दात नाहीत. वरच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला तीनशेच्या आसपास लवचीक पट्ट्या गाळणीसारख्या लोंबतात आणि सगळ्यांत लांब पट्टी चार मीटरपर्यंत भरते. बारीक कोळंबीसारखे जीव पाण्यातून गाळून खायचे, सावकाश पोहायचं, कोणाच्या वाटेला जायचं नाही, असा हा प्राणी.

त्याचे हे सगळे गुण त्याच्या मुळावर आले. सावकाश पोहतो म्हणून वल्ह्यांच्या होडीला सापडतो. चरबी जाड म्हणून मेल्यावर बुडत नाही, ओढत किनाऱ्याला आणता येतो. तेल भरपूर, आणि पट्ट्या तर ज्या काळात प्लास्टिक नव्हतं त्या काळातलं प्लास्टिकच. युरोपातल्या स्त्रियांच्या कंचुक्या, चाबूक आणि पुढे छत्र्यांच्या काड्या यांच्यापासून बनल्या. तेलाने दिवे जळले, साबण झाला, कातडी कमावली गेली.

त्याच्या नावाचीही गंमत आहे. त्या काळी बरेच दर्यावर्दी स्पिट्सबर्गेनला ग्रीनलंडचाच भाग समजत, म्हणून याला नाव पडलं ग्रीनलंडचा देवमासा. आणि मासा तरी कुठे आहे? 'देवमासा हा मासा नाही' हे आपण शाळेत घोकलेलं असतं, पण डच लोकही त्याला 'वाल्व्हिस' म्हणतात आणि त्यातला 'व्हिस' म्हणजे मासाच. लिनियसने 1758 मध्ये देवमाशांना सस्तन प्राण्यांत बसवलं. तरी 1818 साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात देवमाशाच्या तेलाला माशाच्या तेलाचा तपासणी आकार लागू होतो का, यावर खटला उभा राहिला आणि ज्यूरीने निकाल दिला की देवमासा मासाच आहे. मासा म्हटलं की जाळ्यातला वाटा ठरतो. पिलाला दूध पाजणारी आई म्हटलं तर गोष्ट अवघड होते.

ही अवघड गोष्ट शिकाऱ्यांना ठाऊक नव्हती असं नाही. व्हिटबीचा विल्यम स्कोर्सबी हा स्वतः शिकारी जहाजाचा कप्तान. 1820 मध्ये त्याने आर्क्टिक प्रदेशावर दोन खंडांचं पुस्तक प्रसिद्ध केलं, ते आजही अभ्यासक चाळतात. त्यात तो सांगतो, की पिलाला आधी भाला मारायचा, कारण मग आई जवळ येते आणि ते सोडून जात नाही. पिलाचं मोल फारसं नसे, आई हाती लागावी यासाठी ते मारायचं. अशा आईला मारताना काळीज हलतं, असं स्कोर्सबी कबूल करतो आणि लगेच म्हणतो, की सफरीचा हेतू आणि मालाची किंमत करुणेपायी सोडता येत नाही. पुढे तो धर्मोपदेशक झाला. त्याच्या पुस्तकातल्या त्या दोन वाक्यांमध्ये मला या धंद्याचा अख्खा इतिहास दिसतो. न कळून केलेलं त्यात फार थोडं आहे.

स्मेरेनबुर्ग 1619 मध्ये वसलं, सुरुवातीला डच आणि डॅनिश असं दोघांचं. काम कसं चाले ते सांगते. सहा माणसांची होडी देवमाशाजवळ जायची. पुढचा माणूस दोर बांधलेला हार्पून मारायचा. जनावर दोरासकट बुडी मारून धावायचं. दमून वर आलं की लांब भाल्यांनी त्याला संपवायचं. मग ओढून किनाऱ्याला आणायचं, चरबीचे पट्टे सोलून काढायचे, त्यांचे तुकडे करायचे आणि भट्टीवरच्या तांब्याच्या काहिलीत टाकायचे. या बेटांवर एकही झाड नाही. सुरुवातीला लाकूड किंवा कोळसा लागे, पण एकदा तेल सुटलं की तळाशी राहिलेले चरबीचे कुरकुरीत तुकडे काढून त्याच भट्टीत घालत. ज्यांनी कोल्हापूर-साताऱ्याकडचं गुऱ्हाळ पाहिलं आहे त्यांना हे चटकन कळेल. उसाच्या रसाला उसाच्याच चिपाडांची आच. तिथेही काहिल, चुलाण आणि चोवीस तास चालणारी पाळी असते. फरक एवढाच, की गुऱ्हाळाचा वास दूरवरून माणसाला बोलावून घेतो. इथला वास कसा असेल याची कल्पना त्या काळ्या कड्यांजवळ उभं राहूनही करवत नाही.

पुढे या जागेबद्दल युरोपात दंतकथा पसरल्या. म्हणे तिथे हजारो माणसांचं शहर होतं, दुकानं होती, सकाळी गरम पाव विकणारे होते, चर्च होतं, वेश्याही होत्या. 1979 ते 1981 या काळात खोनिंगन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी लोव्रेन्स हाकेबोर्ड यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केलं. पंधरा-सोळा इमारती आणि काही जोडभट्ट्या, एवढाच पसारा निघाला. भर हंगामातही दोनशेच्या आसपास पुरुष. बाकी सगळं शहर नंतरच्या लोकांनी कल्पनेत बांधलेलं.

दंतकथेतल्या शहरापेक्षा त्या दोनशे पुरुषांनी मला जास्त अस्वस्थ केलं. हे कंपनीचे मालक नव्हते. पगारासाठी आलेले गरीब लोक होते. मक्ता टिकवायचा म्हणून भट्ट्यांवर हिवाळाभर पहारा ठेवायचं ठरलं, तेव्हा 1633 च्या हिवाळ्यात सात जण इथे राहिले आणि जगले. पुढच्या वर्षी दुसरे सात राहिले. स्कर्व्हीने ते सगळे गेले. समोरच्या बाजूला एका भूशिराला लीकनेसेट म्हणतात, म्हणजे प्रेतांचं टोक. तिथे दोनशेहून अधिक थडगी आहेत. जवळच्या दुसऱ्या एका बेटावर 1980 मध्ये 185 डच कामगारांच्या थडग्यांचा अभ्यास झाला. गोठलेल्या मातीत हाडांबरोबर त्यांच्या विणलेल्या लोकरी टोप्या टिकल्या होत्या. आम्स्टर्डामच्या राइक्सम्युझियममध्ये त्या मांडून ठेवल्या आहेत. प्रत्येक टोपीचे पट्टे आणि रंग वेगळे. थंडीमुळे माणसं एवढी गुरफटलेली असत की फक्त डोळे दिसत, म्हणून टोपीवरून एकमेकांना ओळखत, असं संग्रहालय सांगतं. त्यातली एखादी टोपी कोणाच्या आईने किंवा बायकोने विणून दिली असेल. देवमाशाची आई आणि या टोपीची आई, दोघींच्या वाट्याला एकाच किनाऱ्यावरून दुःख आलं. नफा कंपनीच्या वहीत गेला.

काही दशकांतच खाड्या ओस पडल्या. 1660 च्या सुमाराला स्मेरेनबुर्ग सोडून दिलं गेलं. शिकार थांबली मात्र नाही. ती खुल्या समुद्रात आणि बर्फाच्या कडेला सरकली, चरबी पिंपांत भरून मायदेशी न्यायची आणि तिथे उकळायची असं सुरू झालं. हाम्बुर्गचा न्हावी-शस्त्रवैद्य फ्रीडरिख मार्टेन्स 1671 मध्ये अशाच एका जहाजावरून आला. त्या जहाजाचं नाव होतं 'देवमाशाच्या पोटातला योना'. मार्टेन्सने इथल्या प्राण्यांचं पहिलं नीट वर्णन लिहिलं. म्हणजे या जिवाचं शास्त्रीय ज्ञान त्याच्या शिकारीच्या जहाजावर बसूनच आपल्यापर्यंत आलं. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या स्वेन फोयनने स्फोटक हार्पून आणि वाफेची बोट आणली, तेव्हा आजवर वेगामुळे वाचलेले निळे आणि फिन देवमासेही आवाक्यात आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वालबार्डच्या खाड्यांत पुन्हा भट्ट्या पेटल्या आणि थोड्याच वर्षांत, मारायला फारसं उरलं नाही म्हणून, विझल्या.

शिकारीपूर्वी या समुद्रात निदान पंचवीस हजार बोहेड असावेत असा अंदाज आहे. काहींच्या मते याहून कितीतरी जास्त. विसाव्या शतकात ते इथून संपलेच असं बहुतेकांनी धरलं होतं. 2015 मध्ये स्वालबार्डच्या उत्तरेला बर्फाच्या पट्ट्यावरून हेलिकॉप्टरने पाहणी झाली, तेव्हा तीनशेच्या आसपास असावेत असं दिसलं. अलास्काच्या बाजूची संख्या आता दहा हजारांच्या पुढे गेली आहे, इकडची नाही. मादी वयात यायला वीस-पंचवीस वर्षं लागतात आणि मग तीन-चार वर्षांतून एक पिल्लू होतं.

आमच्या जहाजावरून आम्हाला फिन देवमाशाचा फवारा दिसला, एकदा निळ्या देवमाशाची लांबलचक पाठ दिसली. सगळे कठड्याशी धावले. बोहेड दिसला नाही. तो कुठे आहे ते निसर्गतज्ज्ञाने व्याख्यानात सांगितलं होतं. स्वालबार्ड आणि ग्रीनलंड यांच्यामधल्या फ्राम सामुद्रधुनीत शास्त्रज्ञांनी पाण्याखाली ध्वनिमुद्रक सोडले. 2018 मध्ये केट स्टॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले. हिवाळ्याच्या अखंड अंधारात, बर्फाखाली, हे देवमासे दिवसाचे चोवीस तास गातात. तीन हिवाळ्यांत 184 वेगवेगळी गाणी नोंदली गेली. संपले असं ज्यांच्याबद्दल मानलं होतं ते बर्फाखाली गात होते.

आणि त्यांचं आयुष्य. 2007 मध्ये अलास्कात इन्यूपियाक शिकाऱ्यांना एका बोहेडच्या मानेत धातूचा तुकडा सापडला. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू बेडफर्डला बनलेल्या स्फोटक भाल्याचा होता. म्हणजे ते जनावर शंभराहून अधिक वर्षं ती जखम घेऊन पोहत होतं. डोळ्यातल्या भिंगाच्या रासायनिक तपासणीवरून काही बोहेड दोनशे वर्षांच्या पुढे गेल्याचं दिसतं. हा हिशोब मी जहाजाच्या डेकवर बोटं मोजून केला. स्मेरेनबुर्गची पहिली भट्टी पेटल्याला चारशे वर्षं झाली. माणसाच्या मोजणीत पंधरा-सोळा पिढ्या. बोहेडच्या मोजणीत जेमतेम दोन आयुष्यं. त्या बर्फाखाली गाणाऱ्यांपैकी एखाद्याच्या आजीने या भट्ट्यांचा धूर पाहिलेला असणं शक्य आहे. आपण ज्याला इतिहास म्हणून काचेच्या पेटीत ठेवतो, ते त्यांच्या घरातलं कालपरवाचं आहे.

म्हणून मला 'अस्पर्श' हा शब्द तिथे उतरल्यापासून खटकत राहिला. ती शांतता मूळची नाही. हडसनला दिसलेल्या खाड्या फवाऱ्यांनी आणि श्वासांच्या आवाजाने भरलेल्या होत्या. आम्ही जी निर्मनुष्य भव्यता पाहायला पैसे मोजून गेलो, ती एका पिढीने रिकामी केलेली आणि पुढच्यांनी तशीच धरून चाललेली जागा आहे. ओसाड गावात शिरलं की आपण निदान विचारतो, इथले लोक कुठे गेले? समुद्राला हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण वरून पाणी तसंच दिसतं.

भारताचं या बेटांशी नातं कागदावर जुनं आहे. 1920 च्या पॅरिसमधल्या स्वालबार्ड करारावर ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून आपलंही नाव आहे. 2008 पासून न्यू-ओलेसुंडला 'हिमाद्री' हे भारतीय संशोधन केंद्र आहे. ते चालवणारी राष्ट्रीय संस्था गोव्यात वास्कोला आहे. लिन्सखोटेन गोव्याहून परतून उत्तरेची वाट शोधायला निघाला, त्यानंतर चार शतकांनी गोव्याहून माणसं या उत्तरेत जातात, ती बर्फ किती वितळलं आणि आपल्या पावसाशी त्याचा काय संबंध ते मोजायला. उपग्रहांच्या नोंदींनुसार 1979 पासून सप्टेंबरमधलं आर्क्टिकचं समुद्री बर्फ दर दशकाला बारा टक्क्यांच्या आसपास घटत आलं आहे.

स्वालबार्डमध्ये कायदा कडक आहे. 1946 च्या आधीची माणसाची कोणतीही खूण आपोआप संरक्षित ठरते. थिजलेल्या तेलाची ती कडी, भट्टीचा दगड, थडग्यावरची फळी, कशालाही हात लावायचा नाही. देवमासे जिथे कापले त्या जागी पडलेली हाडंसुद्धा संरक्षित आहेत. वाटाड्या आम्हाला दूर उभं करून हे समजावत होता, तेव्हा त्याच्यामागे किनाऱ्यावर एक पांढरी पडलेली फासळी शेवाळाने हिरवी झाली होती. मेलेल्या देवमाशाचं हाड उचललं तर आज दंड होतो. जिवंत राहिलेल्या तीनशेंनाही आता कोणी मारू शकत नाही, पण त्यांना आजवर वाचवलं ते कोणत्याही कायद्याने नव्हे, जहाजांना आत येऊ न देणाऱ्या बर्फाने. तेच बर्फ दर वर्षी थोडं उत्तरेला सरकतं, आणि त्याच्यामागोमाग जहाजंही. त्यातल्या एकावर मी होते.